आमची वाटचाल : फुरानची खोली

सुरुवात साध्या फॅलेनॉप्सिसपासून केली, म्हणजे बाजारात सगळीकडे मिळतं ते ऑर्किड. ऑफिसांना कुंड्या भाड्याने द्यायच्या, फुलं गळली की बदलून आणायच्या, धंदा बरा चालायचा पण त्यात आपलं असं काही नव्हतं. मग फुरान हे जपानी ऑर्किड हातात आलं, हल्ली शास्त्रीय नाव वांडा फाल्काटा, पण जुने शौकीन अजून निओफिनेशियाच म्हणतात. वीतभर झाड, पांढरी फुलं, प्रत्येक फुलाला मागे लांब शेपटी, आणि वास सुटतो तो रात्री, कारण गिऱ्हाईक निशाचर पतंग! एदो काळात, म्हणजे जपानात शोगुन या लष्करी शासकांची राजवट होती तेव्हा, सरदार मंडळी यासाठी वेडी होती, अकरावा शोगुन तोकुगावा इएनारी पण त्यातलाच. आजही फुलापेक्षा पानाचा बाक आणि मुळाचं टोक हिरवं की लालसर यावरून भाव ठरतो.

आता पुण्यात हे जमवायचं कसं? एप्रिलच्या दुपारी हवेतला ओलावा २० टक्क्यांच्या खाली आणि जुलैत ९०. म्हणून मागची खोली पॅक केली, एसी, ह्युमिडिफायर, एलईडी. दिवसा २५-२८ डिग्री, रात्री ५-६ ने कमी, ओलावा ६०-७०. एसी हवा कोरडी करतो म्हणून ह्युमिडिफायर, आणि दोन्हीपेक्षा महत्त्वाचा छोटा टेबलफॅन, तो चोवीस तास चालू. लाइट बिलाचं विचारू नका.

लोकांना वाटतं दमट ठेवलं की झालं, काचेच्या बंद बरणीत ठेवतात आणि मग मधला कोंब काळा पडून झाड हातात येतं. अहो हे आपल्याकडच्या सीतेची वेणी या रानटी ऑर्किडसारखं फांदीवर राहणारं झाड, मुळांना वारा लागतो! जपानी लोक ओलं स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) पिळून त्याचा आतून पोकळ उंचवटा करतात, त्यावर मुळं पसरून वरून मॉसचा पातळ थर गुंडाळतात, कुंडीला खाली मोठं भोक असतं. आम्ही तसंच करतो. खालून बोट घातलं तर पोकळीत जायला पाहिजे, नाही गेलं तर परत बांधायचं. पाणी आरओचं किंवा पावसाचं साठवलेलं, बोअरच्या पाण्याने मॉसवर पांढरी क्षारांची खपली धरते.

डिसेंबरात एसी बंद, रात्री खिडकी उघडी, १०-१२ डिग्री झालं तरी चालतं. पाणी अगदी कमी, पानं सुरकुततात, मग गिऱ्हाईकांचे फोन येतात, काकू झाड मेलं का? नाही हो, झोपलंय. मार्चात मुळांना नवी टोकं फुटली की पाणी वाढवा.

माल आणणं वेगळीच कटकट. सगळी ऑर्किड्स साइटिसच्या, म्हणजे वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत, त्यामुळे तिकडचा निर्यात परवाना, झाडाला रोग-कीड नसल्याचं फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, इकडचा इम्पोर्ट परमिट, कागद आधी आणि झाड नंतर. म्हणून नवी रोपं आता घरच्याच फुटव्यांपासून करतो, स्वतःची मुळं आल्याशिवाय फुटवा वेगळा करत नाही.

एप्रिल-मेमध्ये कुरिअर बंद, बॉक्समध्ये झाड शिजतं. आणि बंद टेरॅरियमसाठी, म्हणजे काचेच्या भांड्यातल्या बागेसाठी, कोणी फुरान मागितलं तर सरळ नाही म्हणतो, फर्न घ्या म्हणतो, तेही आहेत आमच्याकडे.