नशीब म्हणजे वाटा

आज शेजारच्या काकूच्या वावरात कापूस वेचायला गेलो होतो. दोन एकर, तेही बटईनं. म्हणजे निम्मा माल मालकाचा. दुपारी धुऱ्यावरच्या बाभळीखाली शिदोऱ्या सोडल्या तेव्हा काकूनं ओटीतलं एक बोंड माझ्या हातात ठेवलं. अर्धं पांढरंशुभ्र, अर्ध्याची पार कवडी झालेली. गुलाबी बोंडअळी. "आपल्या नशिबी एवढंच होतं रे बापू," ती म्हणाली आणि भाकर मोडू लागली.

तो शब्द दिवसभर डोक्यातून गेला नाही. 'नशीब' मूळचा अरबी, 'नसीब'. फारसीच्या वाटेनं आपल्याकडे आला. आणि त्याचा मूळ अर्थ आहे वाटा, हिस्सा! आपले जुने शब्द वेगळे. दैव म्हणजे देवाकडून आलेलं, प्रारब्ध म्हणजे आधीच सुरू झालेलं, आणि कपाळावर लिहायला तर पाचवीच्या रात्री सटवाई येते. त्या लिहिण्यात आपल्याला बोलायला जागाच नाही. पण वाटा म्हटला की तो कोणीतरी पाडलेला असतो. किती पाडला, बरोबर पाडला का, हे विचारता येतं. मला हा अर्थ फार जवळचा वाटतो, बटईनं वाहणाऱ्या माणसाला तर तो सांगावाही लागत नाही.

संध्याकाळी मालकाचा माणूस काटा घेऊन आला. गठडी लटकवली. काकू चष्मा पुसून अगदी जवळ गेली, काटा स्थिर होईपर्यंत हलली नाही. मग म्हणाली, "भाऊ, अजून एक डाव लाव बरं."