पाऊणपट, आणि थोडं कमी

मांडवी एक्स्प्रेस करबुड्याच्या बोगद्यात शिरली आणि नेटवर्क गेलं. बोगदा साडेसहा किलोमीटरचा. मांडीवर लॅपटॉप, लॅपटॉपवर सॉफ्टवेअरवाल्यांच्या परिषदेसाठी भाषणाचा अर्धवट प्रस्ताव, आणि त्यातलं पहिलंच वाक्य मी चौथ्यांदा खोडलेलं.

चार वर्षं मी एक छोटा ओपन सोर्स, म्हणजे कुणालाही वापरता-बदलता येणारा, प्रोग्रॅम सांभाळते आहे. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिलेला, भरती-ओहोटीच्या वेळा मराठीत सांगणारा, एकदा उतरवून घेतला की नेटशिवाय चालणारा. चंद्र-सूर्याच्या ओढीचे वेगवेगळे घटक मोजून त्यांची बेरीज करायची, ही पद्धत ब्रिटिश शास्त्रज्ञ लॉर्ड केल्विनच्या काळापासूनची. त्यांनी तर १८७२ साली त्यासाठी दातेरी चाकांचं आणि कप्प्यांचं यंत्रच तयार केलं होतं. यातला मुख्य चांद्र घटक १२ तास २५ मिनिटांचा, म्हणून भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. मला हे गणित फार आवडतं. गेल्या वर्षी दोन मोठ्या परिषदांना पाठवलेल्या प्रस्तावांत मी हेच गणित भरलं होतं. दोन्हीकडून नकार आला. नंतर ते प्रस्ताव शांतपणे वाचले तेव्हा कळलं, की हा प्रोग्रॅम कोण वापरतं याची त्यात एक ओळसुद्धा नव्हती.

तेव्हापासून बोलायची जागा शोधायची माझी रीत बदलली. आधी मी फक्त मोठी नावं पाहायची. आता आपला प्रोग्रॅम कशाकशावर उभा आहे ते पाहते. पायथन आहे, म्हणजे २००९ पासून भरणारी पायकॉन इंडिया ही परिषद आणि पुण्यातल्या पायथनवाल्यांच्या बैठका. किनाऱ्याची ठिकाणं ओपनस्ट्रीटमॅप या सगळ्यांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावरची, म्हणजे नकाशेवाल्यांची स्टेट ऑफ द मॅप आणि भू-माहितीवाल्यांची फॉसफोरजी. मग मागच्या वर्षांची वेळापत्रकं उघडून भाषणांची नुसती शीर्षकं वाचत बसायचं. कुठे आपल्यासारखी माणसं उभी राहतात ते तासाभरात कळतं. ब्रसेल्सच्या फॉसडेम या ओपन सोर्सवाल्यांच्या मेळाव्याला प्रवेशशुल्क नाही, नावनोंदणी नाही, आणि तिथल्या प्रत्येक विषयाच्या खोलीचं आयोजक मंडळ भाषणांसाठीचं आपापलं आवाहन स्वतंत्रपणे काढतं. फेब्रुवारीच्या आसपासच्या त्या दोन दिवसांसाठी नोव्हेंबरातच जागं असावं लागतं. परदेशवारीचा खर्च मात्र आधी विचारून घ्यावा. डेबियन या ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टीमच्या डेबकॉन्फसारखे काही मेळावे प्रवासाला मदत करतात, सगळे करत नाहीत. २०२३ साली डेबकॉन्फ कोचीला झाली, आणि मी गेले नाही याची चुटपुट अजून आहे.

आणि छोट्या बैठकांना सरळ पत्र लिहावं. तिथले आयोजक वक्त्यांच्या शोधातच असतात. रत्नागिरीच्या एका कॉलेजातल्या मुलांना मी असंच लिहिलं होतं, त्यांचं दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं: "ताई, शनिवारी याल का?"

गाडीने निघाले होते ती तिकडेच. वीसेक मुलं होती. चाळीस मिनिटं बोलले, त्यातली निम्मी गणितावरच गेली, सवयच ती. शेवटी जयगडकडची एक मुलगी उठली. "ताई, माझ्या बाबांना आकडे कळतात, हा आलेख नाही कळणार. नुसती वेळ मोठ्या अक्षरात येईल का?" चार वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, कारण मी आजवर आलेख कळणाऱ्यांपुढेच बोलत होते. बैठक संपल्यावर ती म्हणाली, "माझे मामा मालवणात रापणीला असतात. त्यांना दाखवा ना."

दुसऱ्या दिवशी परत फिरायचं होतं, त्याऐवजी कुडाळचं तिकीट काढलं. रत्नागिरी सोडली की पानवल नदीवरचा पूल येतो, ६४ मीटर उंच. खिडकीतून खाली पाहिलं तर झाडांचे शेंडेच दिसतात. कुडाळहून एसटीने मालवण.

पहाटे चिवल्याच्या किनाऱ्यावर गेले तेव्हा होडी रापणीचं जाळं सोडून परतलेली होती आणि दोन्ही दोरांवर तीस-चाळीस माणसं ओढायला उभी होती. अशा वेळी मध्ये बोलू नये एवढं मला कळतं. मीही दोराला हात लावला. जाळं वर आलं, बांगड्यांचे वाटे पडले, मग मामांनी एका आजोबांकडे नेलं.

"खयसून इलंस गो?"

पुण्याहून, म्हटलं, आणि मोबाईल पुढे केला. त्यांनी स्क्रीन लांब धरून वेळ वाचली, बोटांवर काहीतरी मोजलं. "षष्ठी. साच्या पाऊणपट साडेचार. मगे थोडा कमी धर. माझो बापूस असोच धरी."

तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायची रीत मी मुंबईच्या कोळ्यांकडून ऐकली होती. पण ते "थोडा कमी"? दक्षिणेकडे भरती मुंबईच्या थोडी आधी येते. माझा प्रोग्रॅम ते ठिकाणागणिक आकड्यांतून शिकलेला. आजोबांच्या घरात ते वडिलांकडून आलेलं. दोघांच्या वेळा वीस मिनिटांच्या आत होत्या. मला तिथे वाळूवर बसावंसंच वाटलं, आणि बसलेच.

"बरा आसा," ते म्हणाले. "पण वारो खय दाखवता?"

वारा दाखवत नाही. भरती कितीही अचूक असली तरी वारा उलटा असेल तर होडी सोडत नाहीत, हे त्यांनी मला वाळूत रेघा ओढून समजावलं. अर्धा तास. माझ्या एकाही भाषणाला इतकं चांगलं उत्तर मिळालेलं नाही.

त्या रात्री खोलीवर प्रस्ताव नव्याने लिहिला. केल्विन शेवटच्या परिच्छेदात गेले. पहिलं वाक्य आता असं आहे: 'मालवणचे मच्छीमार तिथीची पाऊणपट करतात आणि थोडं कमी धरतात, आमचा प्रोग्रॅम तेच करायला शिकला, त्याची ही गोष्ट.' सकाळी एसटी स्टँडवर नेटवर्क मिळालं तसा तो नकाशेवाल्यांकडे पाठवला, आणि जयगडच्या मुलीला मोठ्या अक्षरांच्या पानाचा कच्चा नमुना. तिचं उत्तर गाडीत बसेपर्यंत आलं: बाबांना चष्म्याशिवाय वाचता आलं.

आजोबांनी निघताना पुढच्या उधाणाला यायला सांगितलंय. तोवर वाऱ्याचं काहीतरी करायला हवं.