गिटार आणि गळा, दोघांसाठी एक स्पीकर

तुम्ही विचारलेत म्हणून लिहितो. प्रश्न नेहमी साधारण असा असतो: मॉडेलर (गिटार ॲम्प आणि इफेक्ट यांची नक्कल करणारे यंत्र) घेतला आहे, गिटारबरोबर गातोही, तर दोन्ही नीट ऐकू येईल असा एकच पॉवर्ड, म्हणजे आतच ॲम्प असलेला, स्पीकर कोणता घ्यावा? विचारणारे बहुतेक गिटारवादक असल्यामुळे ते दुकानात गिटार घेऊन जातात, दोन-चार आवडते पॅच (मॉडेलरमध्ये साठवलेले टोन) वाजवून पाहतात आणि माईक लावून पाहायचे राहून जाते. माझे मत याच्या उलट आहे. स्पीकर गळ्यासाठी निवडावा आणि गिटारला त्याच्याशी जुळवून घ्यायला लावावे, कारण जुळवून घेण्याची सगळी साधने गिटारच्या बाजूला आहेत.

गिटार ॲम्पमधला बारा इंची स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर झपाट्याने उतरतो, आणि डिस्टॉर्शनचा किरकिरेपणा गाळणारी ती उतरण आपण ज्याला ‘गिटारचा टोन’ म्हणतो त्याचाच भाग असते. मॉडेलरमध्ये ही उतरण, त्या स्पीकरसमोर ठेवलेल्या माईकसह, कॅब सिम्युलेशन (स्पीकरच्या पेटीची नक्कल) किंवा आयआर (तिच्या आवाजाची मोजून घेतलेली छाप) आधीच करून देतो. म्हणून पुढच्या स्पीकरने आपले काही न मिसळता आलेला आवाज जसाच्या तसा पोचवावा, एवढीच अपेक्षा उरते. गिटारवाल्यांच्या जगात यालाच एफआरएफआर म्हणतात, म्हणजे पूर्ण पल्ल्याचा, सपाट प्रतिसाद देणारा स्पीकर. प्रत्यक्षात प्रत्येक बॉक्स कुठेतरी दोन-चार डेसिबल वर-खाली होतोच. गिटारच्या बाबतीत त्याचे फारसे बिघडत नाही. पॅचच्या शेवटी एक इक्यू (खालचा-वरचा आवाज कमी-जास्त करणारा) ठेवला, त्यातला हाय कट, म्हणजे वरचा आवाज कापणारा फिल्टर, ६ किलोहर्ट्झच्या आसपास आणला, आयआर बदलून पाहिला की काम भागते. शिवाय मॉडेलरमधल्या ॲम्पचा ‘खरा’ आवाज कसा असतो याबद्दल श्रोत्याच्या कानात काही ठाम चित्र नसते. माणसाचा आवाज मात्र प्रत्येकाने जन्मभर ऐकलेला असतो. तो नाकातून आल्यासारखा झाला, छातीतला भरीवपणा गेला किंवा ‘स’ आणि ‘च’ टोचू लागले, तर ज्याला संगीतातले काही कळत नाही त्यालाही ते लगेच कळते.

म्हणून ऐकून पाहताना स्पीकरच्या मागचे सगळे कंटूर (आवाजाचा तयार साचा देणारे स्विच) आणि बेस बूस्ट बंद करावेत, आपला नेहमीचा माईक लावावा आणि आधी नुसते बोलावे. मग दुसऱ्या कुणाला बोलायला सांगून आपण समोरून एका बाजूला सरकत जावे. मधोमध स्वच्छ वाटणारा आवाज दोन पावले बाजूला गेल्यावर मंद झाला, तर तो स्पीकर पुढच्या रांगेतल्या दोघा-तिघांपुरता चांगला आहे असे समजावे. पंधरा इंची बॉक्सबद्दल मी साशंक असतो तो याच कारणाने. दोन भागांच्या साध्या रचनेत वूफर, म्हणजे खालचा आवाज देणारा मोठा भाग, बरेचदा २ किलोहर्ट्झच्या आसपासपर्यंत काम करतो. तिथे ध्वनीची तरंगलांबी जेमतेम १७ सेंटिमीटर असते आणि वूफरचा कागदी कोन (शंकू) त्याहून बराच मोठा असला की आवाज टॉर्चच्या झोतासारखा अरुंद होतो. नेमक्या याच पट्ट्यात शब्दांचा स्पष्टपणा असतो. उलट, नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये गिटारची सर्वांत खालची तार ८२ हर्ट्झवर वाजते आणि ती चांगल्या दहा इंची बॉक्समधूनही व्यवस्थित येते. तारा फार खाली उतरवून वाजवत असाल किंवा बेस आणि ड्रम असलेले ट्रॅक सोबत लावत असाल, तर बारा इंचीकडे वळावे.

वॉटबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्या आकड्यावर उगीच वेळ जातो. बॉक्सवर छापलेला आकडा बहुधा क्षणिक कमाल क्षमतेचा असतो, आणि वॉट दुप्पट झाले तरी आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो.

त्यापेक्षा लिमिटर, म्हणजे आवाज मर्यादेबाहेर गेला की तो दाबणारी स्पीकरमधली यंत्रणा, कसा वागतो ते पाहा. गिटारवर जाड डिस्टॉर्शन ठेवून खालच्या तारांवर पाम म्यूटचे (तळहाताने तारा दाबून) ठोके द्यायचे आणि त्याच वेळी माईकमध्ये एक सूर लांब धरायचा. कार्यक्रमाच्या आवाजाच्या पातळीवर प्रत्येक ठोक्याबरोबर तो सूर किंचित दबून पुन्हा वर येत असेल, तर गिटारचा खालचा भाग स्पीकरची उरलीसुरली ताकद खात आहे आणि लिमिटर गिटारबरोबर गळ्यालाही खाली ओढत आहे. गिटार आणि गळा वेगवेगळे ऐकून पाहिले तर हा दोष दिसतच नाही. पॅचमध्ये ९० ते १०० हर्ट्झवर लो कट (खालचा आवाज कापणारा फिल्टर) लावून फरक पडला तर ठीक. नाही पडला तर तो बॉक्स एकट्याने दोन्ही पेलण्याइतका मोठा नाही.

आता जोडण्या. फेंडरच्या टोन मास्टर एफआर मालिकेसारखे खास मॉडेलरसाठी केलेले स्पीकर दिसायला ॲम्पसारखे आणि वाजवायला सुखाचे असतात, पण त्यांना इनपुट एकच असतो. गायचे असेल तर मध्ये मिक्सर आलाच. यामाहाचा डीबीआर१० किंवा क्यूएससीचा के१०.२ यांसारख्या बॉक्समध्ये एका चॅनलवर माईक आणि दुसऱ्यावर मॉडेलर थेट लावता येतो, आणि दोन्हींचे व्हॉल्यूम वेगळे राहतात. मॉडेलरचा आउटपुट लाइन लेव्हलवर (माईकपेक्षा बराच जोरदार सिग्नल) आणि स्पीकरचा स्विचही लाइनवर ठेवायचा, नाहीतर माईकच्या प्रीॲम्पमध्ये सिग्नल फुटतो आणि दोष पॅचला दिला जातो. कंडेन्सर माईक वापरणाऱ्यांनी त्याला केबलमधून वीज देणारी फँटम पॉवर आहे का ते आधी पाहावे. अशा स्पीकरमध्ये ती गृहीत धरता येत नाही.

मग गळ्याला रिव्हर्ब (मोठ्या खोलीतल्यासारखी घुमणारी आस) कुठून आणायचा? हेलिक्स फ्लोअर किंवा क्वाड कॉर्टेक्ससारख्या मॉडेलरमध्ये माईक लावता येतो, त्यामुळे दोन्ही तिथेच मिसळावे असे वाटणे साहजिक आहे. माझा त्याला विरोध नाही, पण प्रीसेट (म्हणजेच पॅच) बदलताना आवाजात क्षणभर खंड पडू शकतो. गिटारमध्ये तो झाकला जातो, गाताना मात्र शब्दच तुटतो. हा मार्ग घ्यायचा तर संपूर्ण कार्यक्रम एकाच प्रीसेटमधल्या स्नॅपशॉट किंवा सीनवर (त्याच प्रीसेटच्या साठवलेल्या वेगवेगळ्या मांडण्यांवर) बसवावा. ती शिस्त नको असेल तर रिव्हर्ब असलेला छोटा मिक्सर बरा.

स्पीकर कुठे ठेवायचा यावर निम्मा फीडबॅक, म्हणजे स्पीकरचा आवाज माईकमध्ये परत शिरून होणारी शिट्टी, अवलंबून असतो. गिटारवादकाला ॲम्प पाठीमागे ठेवायची सवय असते. तिथे ठेवलेला बॉक्स थेट माईकच्या तोंडात वाजतो आणि गळ्याचा व्हॉल्यूम वाढवताच शिट्टी सुरू होते. एसएम५८सारखा कार्डिऑइड माईक मागून सर्वांत कमी ऐकतो, म्हणून बॉक्स समोर जमिनीवर तिरका, माईकच्या पाठीच्या रेषेत ठेवावा. बीटा ५८ए हा सुपरकार्डिऑइड आहे. त्याची बहिरी जागा बरोबर मागे नसून दोन्ही बाजूंना थोडी तिरकी असते, तेव्हा बॉक्सही तेवढा बाजूला सरकवावा लागतो. जमिनीवर ठेवल्याने खालचा आवाज फुगतो, आणि त्यासाठीच मॉनिटरचा (जमिनीवर, कलाकाराकडे तोंड करून ठेवण्यासाठीचा) कंटूर किंवा हाय-पास फिल्टर (लो कटचेच दुसरे नाव) दिलेला असतो.

स्पीकर घरी आल्यावर पॅच पुन्हा बांधावे लागतील आणि ते प्रत्यक्ष कार्यक्रमाच्या आवाजातच बांधावेत. हळू आवाजात कान अगदी खालचा आणि अगदी वरचा आवाज दोन्ही कमी ऐकतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच दाखवले होते. खोलीत मंद आवाजात भरदार केलेला पॅच मंचावर घुमतो आणि टोचतो तो यामुळेच. हे करतानाही माईक चालू ठेवून मधूनमधून गावे. एकटी ऐकताना किंचित पातळ वाटणारी गिटार गळ्याशेजारी बहुधा बरोबर बसते.

ज्यांचा गळा मुळातच हळू आहे आणि गिटार जड, त्यांना मी एका बॉक्सचा आग्रह धरत नाही. त्यांनी आज दहा इंचीच घ्यावा, गळ्यासाठी, आणि पुढे जमेल तेव्हा गिटारला दुसरा.