उद्याच्या तपासण्यांची फाइल

मंगळवार, रात्र

उद्या पहाटे पुण्याला निघायचं. वजन कमी करण्याच्या ऑपरेशनआधीच्या तपासण्या आहेत. रक्त, लघवी, ईसीजी, टूडी एको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, छातीचा एक्सरे, फुप्फुसाची फुंकायची तपासणी, पोटाची सोनोग्राफी आणि शेवटी भुलीच्या डॉक्टरांची भेट. एंडोस्कोपी आधीच झाली. जठरात एच. पायलोरीचे जंतू सापडले होते, त्यावरचा १४ दिवसांचा गोळ्यांचा कोर्सही संपला.

सासूबाईंनी दुपारी विचारलं, "ऑपरेशन पोटाचं ना गं, मग हृदय आणि छाती कशाला तपासतायत?" प्रश्न रास्त आहे. त्यांच्याजवळ बसून सांगितलं, की दुर्बिणीतून ऑपरेशन करताना पोटात वायू भरतात, त्यानं फुप्फुसाखालचा पडदा वर ढकलला जातो. माझं वजन ९७ किलो, उंची १५४ सेंटिमीटर. मी नुसती उताणी झोपले तरी दम कोंडतो. भूल देणाऱ्याला हे सगळं आधी माहीत असायला हवं. त्यांना पटलं. "मग कर बाई सगळ्या," म्हणाल्या.

खरं सांगायचं तर ही यादी हातात आली तेव्हा मला बरं वाटलं. इतकी वर्षं गुडघा दुखू दे, धाप लागू दे, पाळी पुढेमागे होऊ दे, दवाखान्यात उत्तर एकच: वजन कमी करा. रोज सकाळी डोकं जड व्हायचं, दुपारी बसल्या जागी डुलकी लागायची, त्याचं कारण कुणी शोधलं नाही. या डॉक्टरांनी झोपेची तपासणी करायला लावली. रात्री तासाला ३४ वेळा माझा श्वास अडकतो. ३० च्या वर गेलं की तो तीव्र आजार. मला आळशी म्हणणाऱ्या प्रत्येकाला तो कागद दाखवावासा वाटतो. आता सीपॅपचं मशीन, म्हणजे मास्कमधून दाबानं हवा देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं, ते लावून झोपते, आणि ऑपरेशनला जातानाही ते बरोबर न्यायचं आहे.

दुपारनंतर फाइल लावायला घेतली. पॉलिसीचे कागद वर ठेवले. माझा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, ४० च्या पुढे आहे, त्यामुळे विम्याच्या नियमात बसतं. ३५ ते ४० च्या मध्ये असेल तर तीव्र स्लीप ॲप्नियासारखा (हाच झोपेत श्वास अडकण्याचा) गंभीर आजार जोडीला असावा लागतो. मग कपाटातल्या जुन्या पिशवीतून धाकटीच्या वेळच्या सिझरचं डिस्चार्ज कार्ड काढलं. घड्यांवर फाटलेलं, शाई फिकट झालेली. तेव्हा घाईत पूर्ण भूल द्यावी लागली होती. खालच्या कोपऱ्यात डॉक्टरी अक्षरात एक ओळ आहे, ती लेकीनं वाचून दाखवली: "डिफिकल्ट इन्ट्युबेशन". म्हणजे घशात नळी घालायला अडचण आली होती. मला तेव्हा कुणी एका शब्दानं सांगितलं नव्हतं. आज मान ४२ सेंटिमीटर भरते, तेव्हा बारीक होती, तरी अडचण आली. ज्यांचं कुठलंही ऑपरेशन पूर्वी झालंय त्यांनी जुने कागद टाकू नयेत, एवढं मी आता सगळ्यांना सांगत सुटणार आहे.

गोळ्यांची यादी लेकीनं मोठ्या अक्षरात लिहिली. बीपीची, आणि साखरेच्या दोन: मेटफॉर्मिन, डापाग्लिफ्लोझिन. ही शेवटची ऑपरेशनच्या तीन दिवस आधी बंद करायची. उपाशीपोटी ती चालू राहिली तर साखर फारशी न वाढताही रक्तात आम्ल साठू शकतं. यादीत जाऊबाईंनी दिलेला काढाही लिहायला लावला, आणि मिशरीही. मिशरी दिवाळीतच सोडली, पण "तंबाखू खाता का?" म्हटलं की आमच्याकडच्या बायका सरळ "नाही" सांगतात. मिशरी त्यांच्या लेखी तंबाखूत येतच नाही. टाके भरून यायला ती वाईट. इथे लपवून कुणाचा फायदा?

रिपोर्ट चांगले आले की ऑपरेशनआधी दोन आठवडे पातळ खाणं, प्रोटीन पावडर, ताक, डाळीचं पाणी. यकृताचा डावा भाग जठरावर पसरलेला असतो. त्यातली चरबी उतरली की तो उचलून धरायला सर्जनला सोपं जातं. भाकरीची आठवण येणार, त्याला इलाज नाही. तीन चेंडूंचं ते श्वासाचं यंत्र मात्र आत्ताच आणलंय. हळू ओढला की दोन चेंडू वर राहतात, तिसरा अजून हलत नाही.

सकाळी बीपीची गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची, साखरेच्या गोळ्या रक्त दिल्यावर, नाश्त्याच्या वेळी, असं सांगितलंय. बोटांचं नेलपॉलिश काढलं, बोटाला लावायच्या ऑक्सिजनच्या चिमट्याला त्याचा अडथळा होतो. भुलीच्या डॉक्टरांपुढे आधी ते सिझरचं कार्ड ठेवणार आणि ह्यांनाही आत घेणार. रात्री मी कशी घोरते, कधी दचकून उठते, हे मला कुठे माहीत? ते त्यांनीच सांगायला हवं.