कूलर भरेपर्यंत

गुडघ्यांसाठी फिजिओथेरपिस्टने दिलेले व्यायाम अगदी साधे होते. पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि ती खाली दाबून दहा मोजायचे. मग आडवं होऊन एक पाय सरळ, वीतभर उचलायचा, पाच मोजेपर्यंत धरायचा, सावकाश खाली आणायचा. अजून दोन-तीन प्रकार, सगळे मिळून पंधरा मिनिटं. त्यात दुखणं नाही, घाम नाही, खर्च नाही. तरी तो कागद कित्येक महिने फ्रिजच्या दारावर मॅग्नेटखाली नुसता लावलेला होता.

काम सोपं, फायदा माहीत, वेळही आहे आणि तरी मन पाऊल पुढे टाकू देत नाही, ही अवस्था ज्यांनी अनुभवली आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय. त्याला आळस म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. मी शाळेत शिकवते. पहाटे उठून डबे करते, संध्याकाळी वह्या तपासते. कामाला मी कधी मागे हटले नाही. पण रात्री चटई अंथरायची म्हटलं की ओटा पुसायचा राहिलाय हे आठवायचं, मग उद्याची भाजी निवडायची असायची, मग कुणाला तरी फोन. ही सगळी कामं खरीच होती, म्हणूनच काही टाळतेय असं वाटायचंही नाही. मोबाइलवर गजर लावून पाहिला, मुलीने एक अ‍ॅप टाकून दिलं, कॅलेंडरवर फुल्या मारून पाहिल्या. दर वेळी आठ-दहा दिवस बरे जायचे. मग एक दिवस चुकायचा आणि सगळंच सुटायचं.

पुढच्या तपासणीला फिजिओथेरपिस्ट मुलीने रागावण्याऐवजी वेगळंच विचारलं. "काकू, कागदाकडे पाहिलं की मनात काय येतं?" मी म्हणून गेले, "माझी आई." आईची शेवटची वर्षं नागपूरच्या इतवारीतल्या घरात एका खुर्चीवर गेली. जिना उतरणं बंद झालं, मग देवळात जाणं, मग अंगणातही येणं. चटईवर पाय लांब करून बसलं की मला तिचे सुजलेले गुडघे दिसायचे. जे तिचं झालं तेच आपलं होणार, मग कशाला पाय उचलत बसायचं, असं आत कुठेतरी ठरूनच गेलं होतं. हे शब्दांत मी तोवर कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही.

तिने दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवल्या. सांध्याची झालेली झीज व्यायामाने भरून येत नाही. पण गुडघ्याला सांभाळणारा मांडीचा पुढचा स्नायू, क्वाड्रिसेप्स, कोणत्याही वयात बळकट करता येतो आणि तो बळकट झाला की दुखणं कमी होतं, चालणं सुधारतं. आईला कुणी असे व्यायाम दिलेच नव्हते. त्या दिवशी घरी येताना मी रिक्षात रडले आणि मोकळी झाले.

टिमोथी पिचिल आणि फुशिया सिरॉइस हे मानसशास्त्रज्ञ चालढकलीबद्दल हेच सांगतात, हे पुढे वाचनात आलं. माणूस कामापासून पळत नाही, त्या कामासोबत येणाऱ्या अप्रिय भावनेपासून पळतो. टाळलं की त्या क्षणी बरं वाटतं, आणि त्या बरं वाटण्यामुळेच टाळणं पक्कं होत जातं. माझ्या बाबतीत हे शंभर टक्के खरं होतं. त्यामुळे स्वतःला कितीही बोल लावले तरी उपयोग होत नव्हता. बोल लावल्याने ती भावना आणखी कडू व्हायची, एवढंच.

पण भीती कळली म्हणून सवय लागली, असं झालं नाही. त्यासाठी कूलर कामी आला.

नागपुरात कूलरमध्ये पाणी भरायला कुणाला प्रेरणा लागत नाही. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, नवतपात, म्हणजे मेअखेरीच्या त्या कडक नऊ दिवसांत तर, रात्रीही भिंती तापलेल्या असतात. टाकी रिकामी ठेवून झोपण्याची कुणाची हिंमत नाही. आमच्या हॉलच्या खिडकीला डेझर्ट कूलर आहे. रात्री जेवणं झाली की पाइप लावायचा आणि टाकी भरेपर्यंत तिथेच थांबायचं, नाहीतर पाणी ओसंडून फरशीवर येतं. ही वीसेक मिनिटं मी वर्षानुवर्षं नुसती उभी राहून घालवत होते. मग चटई कूलरच्या स्टँडमागे ठेवून दिली, टॉवेल स्टँडच्या दांडीवर टाकला आणि स्वतःशी एवढंच ठरवलं, की पाइप लावला की चटईवर बसायचं. व्यायाम झालाच पाहिजे अशी अट ठेवली नाही. फक्त बसायचं.

अमुक झालं की तमुक करायचं, या प्रकारच्या ठरवण्यावर पीटर गोलवित्झर या मानसशास्त्रज्ञाने बरंच काम केलंय. "रोज व्यायाम करीन" या संकल्पापेक्षा वेळ आणि जागा बांधून घेतलेला बेत पार पडण्याची शक्यता जास्त असते, असं त्यातून दिसतं. माझा अनुभव असा, की विरोध सगळा पहिल्या मिनिटातच असतो. खाली बसेपर्यंत मन शंभर कारणं देतं. एकदा बसलं, टॉवेल गुडघ्याखाली गेला, की ते गप्प होतं. काही रात्री मी खरंच नुसती बसले, टाकीत पडणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकला आणि उठले. तेही चाललं. आतल्या खोलीतून यजमान विचारायचे, "पाणी भरून राहिली का?" मी म्हणायची, "भरून राहिली." दोघांनाही माहीत होतं, विचारणं कशाबद्दल आहे.

21 दिवसांत सवय लागते, हे आपल्याकडे सगळे बोलतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांचा 2010 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास वेगळं सांगतो. 96 जणांनी रोजच्या ठरलेल्या वेळेला एक नवी गोष्ट जोडली होती, कुणी दुपारच्या जेवणासोबत फळ खाणं, कुणी संध्याकाळी जेवणाआधी धावणं. ती गोष्ट आपोआप होऊ लागायला साधारण 66 दिवस लागतात असं आढळलं, पण माणसागणिक फरक 18 पासून 254 दिवसांपर्यंत होता. खाण्यापिण्याच्या सवयीपेक्षा व्यायामाची सवय उशिरा लागते, हेही त्यात दिसलं. मला सगळ्यात आधार वाटला तो याचा, की एखादा दिवस चुकल्याने काही बिघडत नाही. मी तर चुकलेल्या एका दिवसापायी दर वेळी सगळं सोडून देत होते! वर्ध्याच्या लग्नाला गेलो तेव्हा व्यायाम बुडाला. परत आल्यावर पाइप लावला आणि चटईवर बसले, बस.

एका रात्री मुलीने माझ्या आधीच टाकी भरून ठेवली. मी हॉलमध्ये आले, पाइप गुंडाळलेला दिसला आणि तरी हात दांडीवरच्या टॉवेलकडे गेला. तेव्हा कळलं, की हे आता अंगवळणी पडलंय.

जूनच्या मध्यावर पाऊस आला, कूलर धुऊन माळ्यावर गेला आणि त्याच्यासोबत व्यायामही बंद पडला. या वेळी मनाचा विरोध नव्हता, भीती नव्हती. जिला सवय बांधली होती ती खूणच घरातून गेली होती. हा फरक ओळखणं फार गरजेचं आहे. मन अडत असेल तर त्याला विचारावं लागतं, आणि खूण हरवली असेल तर नवी शोधावी लागते. एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही. मी पुष्कळ विचार करून विरजणाची वेळ धरली. रात्री दूध तापवते आणि ते कोमट होईपर्यंत तसंही थांबावंच लागतं. चटई आता स्वयंपाकघराच्या दाराशी असते. बोट घालून दूध पाहायचं, विरजण लावायचं, तोवर दोन्ही पायांचे व्यायाम झालेले असतात.

दुखणं पूर्ण गेलेलं नाही. पण शाळेचा जिना आता कठडा न धरता उतरते, आणि हिवाळ्यात रामटेकच्या गडावर थांबत थांबत का होईना, पायऱ्यांनी गेले. यजमानांनी त्यांची रक्तदाबाची गोळीही याच दुधाच्या वेळेला जोडून घेतलीय. उन्हाळ्यात कूलर पुन्हा खिडकीला लागला, तरी व्यायाम तिकडे नेला नाही. विरजण बारा महिने लागतं.