आमची वाटचाल : मधल्या चित्रांची माणसं

ब्रह्मपुरीपासून थोडं आत, धानाच्या बांध्यांना लागून दोन खोल्या आहेत. तिथे आम्ही पाच जण ॲनिमेशनचं काम करतो. हे काम खेड्यात कसं आलं, असं नागपूरचे लोकसुद्धा विचारतात. ते बाबांमुळे आलं.

बाबा झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे रंगवायचे. दिवाळीनंतर वडसा भागातल्या मंडळ्यांचे प्रयोग रात्र रात्र चालतात. त्याच्या आधीचे दोन महिने आमच्या अंगणात कापड ताणलेलं असायचं. महाल, जंगल, देऊळ, रस्ता. चुलीवर सरस वितळायचा, त्यात पावडरचे रंग कालवायचे, आणि तो वास घरभर बसायचा. मी पानापानात रंग भरत बसलो की बाबा मला उठवून अंगणाच्या टोकाला नेत. "इथून पाह्य. मागच्या मानसाले झाड झाडच दिसलं पायजे." आकृती नुसत्या आकारावरून ओळखता आली पाहिजे, हा धडा पुढे मुंबईत मला पहिल्याच आठवड्यात शिकवला. तो मी घरून शिकून गेलो होतो.

एलिमेंटरी झाली, इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळाली, आणि चित्रकलेच्या सरांनी दिलेल्या एका पत्त्यावर मी १९९३ साली मुंबईला गेलो. जाहिरातींसाठी कार्टून करणारा लहान स्टुडिओ होता. आधी सेल रंगवायला बसवलं. सेल म्हणजे पारदर्शक शीट. तिच्या पुढच्या बाजूला रेघ, मागच्या बाजूला रंग, हातात सुती मोजे. बोटाचा एक ठसा उमटला तर शीट बाद. वर्षभरानं इनबिटवीनला घेतलं. माझं खरं शिक्षण तिथे सुरू झालं.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगतो. फिल्म सेकंदाला २४ फ्रेम चालते. एक चित्र दोन फ्रेमना धरलं तरी सेकंदाला १२ चित्रं, मिनिटाला ७२० चित्रं लागतात. मुख्य ॲनिमेटर हालचालीतली महत्त्वाची चित्रं काढतो आणि कागदाच्या कडेला एक छोटी पट्टी आखून देतो. मधली चित्रं कुठे दाट, कुठे विरळ यायची, ते त्या पट्टीवर असतं. ही मधली चित्रं म्हणजे इनबिटवीन. ती नवशिक्यानं काढायची. लाइट बॉक्सवर, म्हणजे खालून उजेड असलेल्या काचेवर, दोन कागद खिळ्यांत अडकवायचे, वर तिसरा ठेवायचा आणि बोटांत कागद धरून पुढे-मागे फडफडवत पाहायचं. नवशिका बरोबर मध्यावर रेघ मारतो आणि पात्र लाकडाचं होतं. हात सरळ रेषेत जात नाही, तो खांद्याभोवती कमानीत फिरतो. हे मला समजत नव्हतं. सुट्टीत गावी आलो तेव्हा आई सुपानं धान पाखडत होती. तिचं मनगट वर गेल्यावर क्षणभर थांबतं, दाणे त्यानंतर सुटतात, आणि सूप खाली येताना आधी कोपर येतं. त्या दुपारी मी तीस-चाळीस कागद भरले. परत गेल्यावर माझ्या चित्रांवरच्या दुरुस्त्या निम्म्यावर आल्या.

हे काम आपल्याकडे असंच, हाताखाली बसून आलं. सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनचं कार्टून युनिट १९५६ चं. तिथे शिकवायला क्लेअर वीक्स आले होते. डिस्नेत स्नो व्हाईटवर काम केलेला माणूस. त्यांच्याकडे राम मोहन शिकले, आणि राम मोहन यांच्याकडे पुढच्या पिढ्या. हे शिक्षण एका टेबलावरून शेजारच्या टेबलावर जायचं.

१९९५ च्या शेवटी अमेरिकेत टॉय स्टोरी आला. पूर्ण लांबीचा आणि पूर्णपणे संगणकावर केलेला तो पहिला चित्रपट. आमच्या स्टुडिओत त्याची कॅसेट आली तेव्हा सगळे जेवणाची सुट्टी विसरून बसले. मला तो मनापासून आवडला, आजही आवडतो. संगणकानं हाताची कला मारली असं कुणी म्हणालं की मी एक गोष्ट सांगतो. त्याचे दिग्दर्शक जॉन लॅसेटर कॅलिफोर्नियातल्या कॅलआर्ट्स या कलासंस्थेत डिस्नेच्या जुन्या जाणत्यांकडे हातानं काढायला शिकले होते. हाताच्या ॲनिमेशनचे जुने नियम संगणकाला कसे लावायचे, यावर त्यांनी १९८७ साली निबंध लिहिला होता. संगणकी चित्रपटांच्या पहिल्या फळीतले अनेक जण लाइट बॉक्सवरच घडलेले होते.

मी २००१ साली गावी परतलो. बाबांची नजर अधू झाली होती, आणि परदेशी मालिकांचं इनबिटवीन आणि क्लीन-अपचं, म्हणजे कच्च्या रेघा साफ करण्याचं, काम भारतात भरपूर येत होतं. गावच्या सुताराकडून सहा लाइट बॉक्स करून घेतले. सागाची चौकट, दुधी काच, खाली ट्यूबलाइट. आसपासच्या गावांतली इंटरमिजिएट झालेली सहा पोरं-पोरी घेतली. मुख्य चित्रांचा गठ्ठा एसटीच्या पार्सलनं नागपूरहून यायचा, मधली चित्रं त्याच वाटेनं परत जायची. लोडशेडिंगमध्ये लाइट बॉक्स विझले की पोरं कागद खिडकीच्या काचेला लावून काम करायची. पावसाळ्यात कागद दमट होऊन भोकं सैल पडत, चित्र खिळ्यावर डुगडुगत असे. म्हणून कागदाचे रीम आम्ही धानाच्या कोठीशेजारी कोरड्यात ठेवायचो. पुढच्या चार वर्षांत सहांपैकी तिघं मुख्य चित्रं काढण्याइतकी तयार झाली. एकही कधी आर्ट कॉलेजात गेलेलं नव्हतं.

मग काम आटत गेलं. तिकडे २००२ साली डिस्नेच्या मुख्यतः हातानं काढलेल्या ट्रेझर प्लॅनेट या चित्रपटावर सुमारे १४ कोटी डॉलर खर्च झाले आणि तेवढा गल्लाही जमला नाही. त्याच वर्षीचा हातानंच केलेला लिलो अँड स्टिच मात्र चांगला चालला होता. पण मोठ्या कंपन्यांनी निष्कर्ष काढला की लोकांना हाताचं चित्र नको आहे. जानेवारी २००४ मध्ये डिस्नेचा फ्लोरिडातला स्टुडिओ बंद झाला. माझ्या मते काही चित्रपटांच्या गोष्टी कच्च्या होत्या, आणि शिक्षा पेन्सिलला झाली. जपानी दिग्दर्शक मियाझाकींच्या स्पिरिटेड अवेला २००३ साली ऑस्कर मिळालं, तेही हातानं काढलेल्या चित्रांवरच.

आमच्या वाट्याला आलेला बदल मात्र वेगळा होता. टीव्ही मालिकांत संगणक दोन चित्रांमधली चित्रं स्वतः भरायला लागला. पात्राचे हात, पाय, डोकं सुटे करून जोडायचे आणि या जागेवरून त्या जागेवर सरकवायचे. मधली चित्रं काढणाऱ्याची गरज उरली नाही. २००६ च्या दसऱ्याला शेवटचा गठ्ठा आला. ज्या कंपनीचं काम होतं तिच्याकडून शेवटच्या दोन महिन्यांचे पैसे कधीच आले नाहीत. मी बायकोचे दागिने गहाण ठेवून पोरांचे पगार चुकते केले. एक जण पुण्याला गेला, दोघं शेतीत परतले, एकीचं लग्न झालं.

पुढची पाच-सहा वर्षं फ्लेक्स, लग्नपत्रिका, शाळेच्या भिंती. त्याविषयी सांगण्यासारखं फारसं नाही.

२०१२ साली एका संस्थेनं धानाच्या लागवडीवर शेतकऱ्यांसाठी छोटी फिल्म मागितली. त्यांनी तयार थ्रीडी बाई पाठवली होती, आम्ही तिला फक्त हलवायचं होतं. तसं करून गावात दाखवलं. रोवण्याला, म्हणजे भाताच्या लावणीला, जाणाऱ्या बायका मुकाट पाहत होत्या. शेवटी एक काकू म्हणाल्या, "इनं रोवना कधी केला नाई." त्यांचं बरोबर होतं. ती बाई कमरेत दाराच्या बिजागरीसारखी वाकत होती. रोवणा करणारी बाई गुडघ्यात किंचित सैल असते, डाव्या हातातल्या पेंढीचं वजन कोपरावर तोलते, आणि चिखलातून पाय काढताना आधी टाच सुटते. मी संस्थेकडून पंधरा दिवस मागून घेतले आणि सगळी फिल्म पेन्सिलनं काढली. दुसऱ्यांदा दाखवल्यावर त्या बायका एकमेकींना सांगू लागल्या की ही अमकीसारखी चालते. त्या फिल्मनं आमचा स्टुडिओ पुन्हा उभा केला.

संगणक आम्ही नाकारला नाही. जपानात मियाझाकींच्या घिब्ली स्टुडिओत वापरलेलं टूंझ हे सॉफ्टवेअर २०१६ मध्ये ओपनटूंझ या नावानं मोफत खुलं झालं. कागदावरची चित्रं स्कॅन करून रंग त्यातच भरतो. जंगल, घरं, ट्रॅक्टर ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये करतो. माणूस आणि जनावर मात्र आधी कागदावर काढतो.

आणि दरवर्षी एका नवशिक्याला सहा महिने फक्त मधली चित्रं काढायला बसवतो. व्यवहाराच्या हिशेबात हे बसत नाही. तेच काम सॉफ्टवेअर काही मिनिटांत बरं-वाईट करून देतं. पण मधली चित्रं हीच शिडीची खालची पायरी होती, आणि ती काढून घेतल्यावर खेड्यातल्या पोरानं वर चढायचं कुठून, याचं उत्तर मला गेल्या वीस वर्षांत कुणी दिलेलं नाही. शहरातल्या संस्थांची फी आमच्याकडच्या एकाही घराला परवडत नाही. ए ग्रेडचा कागद पेटीत ठेवून धानाच्या बांधीत उतरणारी पोरं मला इथे रोज दिसतात.

यंदा बसली आहे ती शेजारच्या गावची एकोणीस वर्षांची पोरगी. आमच्या भागात मोहफुलं वेचायला पहाटे जंगलात गेलेल्या माणसांवर वाघाचे हल्ले होतात. एकट्यानं जाऊ नका, वाकून वेचताना एकानं उभं राहून पाहा, हे सांगणारी चार मिनिटांची फिल्म करतो आहोत. वाघ वळून पाहतो ती दीड सेकंदाची हालचाल तिच्याकडे आहे. डोकं आधी वळतं, खांदा मागून येतो, शेपटीचं टोक सगळ्यात शेवटी. काल तिनं अठरा कागदांचा गठ्ठा माझ्या हातात दिला. मी फडफडवून पाहिला. अकराव्या चित्रात खांदा लवकर आला आहे. मी काही बोललो नाही, गठ्ठा तिच्या हातात परत दिला. तिनं तीनदा फडफडवला आणि अकरावा कागद बाहेर काढला.

मोहफुलं मार्चमध्ये पडायला लागतील. त्याआधी फिल्म गावागावांत पोचायला हवी, आणि अजून पावणेतीनशे चित्रं बाकी आहेत.