मंगळवारचं इंजेक्शन

मंगळवार, रात्र

आज नातवाचं नववं इंजेक्शन झालं. मंगळवार-शुक्रवार, एकदा डाव्या मांडीत, एकदा उजव्या. औषधाची कुपी एवढीशी, पण तिला फ्रीजमध्ये स्वतंत्र कप्पा. गोठू द्यायची नाही, हलवायची नाही. सुई टोचली की आधी ओठ थरथरतात, मग सूर लागतो. पाय मी धरते, मास्क लावून.

त्याच्या अंगात एडीए नावाचं एन्झाइमच नाही. ते नसलं की पेशींत नको ते साठत जातं आणि जंतूंशी लढणाऱ्या पेशी त्या विषानं मरतात. अमेरिकेत १९९० साली यावर औषध आलं, ते गाईच्या आतड्यातून काढायचे. आताचं २०१८ चं. जिवाणूंकडून करवून घेतात, पण एन्झाइमचा आराखडा गाईचाच. हे ऐकून सांगलीहून फोनवर ह्यांनी हातच जोडले. लेक हसला, किती दिवसांनी.

हा कायमचा इलाज नव्हे. दुसऱ्याची बोन मॅरो बसवणं किंवा चांगलं जनुक पेशींत घालणारी जीन थेरपी होईपर्यंत तग धरायचा.

इथे अमेरिकेत जन्मतःच टाचेतून रक्त घेऊन तपासतात, म्हणून लवकर कळलं. सांगलीत जन्मला असता तर घरी यायच्या आतच बीसीजी टोचली असती. ती क्षयरोगाविरुद्धची जिवंत लस. अशा बाळाच्या अंगात तीच पसरते. अजून अंगावर काटा येतो.

सुनेला पान्हा भरपूर. पण तिच्या रक्तात सीएमव्ही विषाणूची खूण निघाली. तो दुधातून बाळाला लागू शकतो, म्हणून पाजायचं नाही. पंपानं काढते आणि सिंकमध्ये ओतते. पाठमोरी, नळ मोठा सोडून.

संध्याकाळी वन्संचा फोन. "हे आलं कुणाकडून? आपल्याकडे तर असलं काही नव्हतं." कळलं त्या रात्री मीही मनातल्या मनात सुनेचं माहेर चाळलं होतं, खोटं कशाला लिहू? मग डॉक्टरीणबाईंनी कागदावर चौकोन आणि गोल काढून समजावलं: बिघडलेलं जनुक आई आणि बाप, दोघांकडून आलं तरच हा आजार होतो.

म्हटलं, "वन्सं, निम्मं आपल्याच घरचं आहे. तुमच्या भावाचं, नाहीतर माझं."

पलीकडे बराच वेळ काही ऐकू येईना. मग त्यांनी विचारलं, वजन किती झालं?

चार किलो दोनशे. डोस वजनावर असतो, शुक्रवारी थोडा वाढेल.